संग्राहकाचं नाव

अकरावीच्या पहिल्या तासाला वनस्पतिशास्त्र शिकवायचं नसतं, नियम सांगायचे असतात. आंबेगाव तालुक्यात माझी नोकरी झाली आणि दर जूनमध्ये मी तेच नियम फळ्यावर लिहिले. आकृती शिसपेन्सिलीनेच काढायची, छटा द्यायची नाही. नावांच्या रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत. फूल सकाळी तोडलेलं, टवटवीत हवं. धोतऱ्याचं फूल चिरल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. जर्नलवर सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. या शेवटच्या नियमाचा धाक बाकीच्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त.

सामान आणायला लांब जावं लागत नसे. परासरणाच्या प्रयोगाला सोलून कोरलेला बटाटा लागतो. सातगाव पठारची मुलं तो शेतातूनच आणत. पेशीविभाजन पाहायला कांद्याच्या मुळांची टोकं लागतात. ओतूर-मंचरच्या कांद्याच्या पट्ट्यात कांद्याला काय तोटा? पेल्याच्या तोंडावर कांदा ठेवायचा, बूड पाण्याला टेकेल असा, आणि मुळं फुटली की कोवळी टोकं सकाळीच कापायची. बाजारभाव पडला की मुलं म्हणत, "बाई, आता दोन पोती आणू का?"

खरी शिस्त लागे ती वनस्पतिसंग्रहाला. फांदीला पान हवं, फूल हवं, जमलं तर फळही. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवायची आणि सुरुवातीला रोज कागद बदलायचा, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. वाळली की 42 गुणिले 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाचायची. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, संग्राहकाचं नाव. सहलीला गेलं तर अंधार पडायच्या आत गावात परत यायचं. हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण उसाच्या शेतात बिबट्या राहतो अशा तालुक्यांत तो वेगळा शिकवावा लागत नाही.

हे नियम आमच्याकडे आले कुठून? त्यांची वाट नारायणगावजवळच्या हिवऱ्यावरून जाते. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटलंडचा डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. 1838 पासून पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पती बाग त्याच्याकडे होती, आणि जुन्नरच्या बाजूला हिवऱ्यालाही बाग होती. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले तर झरे आटतील, हे तो सरकारला कळवत होता. 1861 मध्ये निकोल डॅल्झेल आणि गिब्सन यांचं 'द बॉम्बे फ्लोरा' छापून आलं. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. आमच्या प्रयोगशाळेतल्या चिठ्ठीचे रकाने म्हणजे याच परंपरेची धाकटी पाती.

त्या रकान्यांची ताकद जुन्नरमध्येच दिसते. इथल्या डोंगरांतल्या एका मांसल खोडाच्या झुडपाचं वर्णन डॅल्झेलने 1865 च्या सुमारास केलं आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका. मराठीत शिंदळ माकुडी. कड्याच्या कपारीत वाढणारी, पावसाळ्यात पानं धरणारी, गडद तांबड्या फुलावर पिवळी नक्षी असलेली. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांपलीकडे ती कुठेच उगवत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिला एकेकाळी जागा दिली होती. अशी वनस्पती पुन्हा शोधायला जाणाऱ्याच्या हाती काय असतं? जुन्या चिठ्ठीवरचं ठिकाण आणि महिना. म्हणून मी मुलांना म्हणायचे, नाव चुकलं तर कोणीतरी दुरुस्त करील, ठिकाण लिहिलं नाहीत तर तो नमुना नुसता पालापाचोळा.

मात्र याच शिस्तीची दुसरी बाजूही होती. दरवर्षी, दर वर्गातून, प्रत्येकाने इतके नमुने आणायचे म्हणजे एका डोंगरावरून किती झाडं उपटली जात असतील? सहलीच्या आदल्या दिवशी यादी सांगत असताना आहुप्याच्या बाजूची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, राईतलं नाही हां तोडायचं. पडलेली काटकीसुद्धा नाही उचलत आम्ही." वर्गात कोणी हसलं नाही. डोंगरातल्या मुलांना तो नियम ठाऊकच होता, आणि बागायती गावांतल्या मुलांना तो पटायला वेळ लागला नाही.

पश्चिम घाटातल्या देवरायांचं हे शिस्तपत्रक कुठेही लिहिलेलं नसे. कुऱ्हाड नाही, कोयता नाही, देवाच्या कामाखेरीज लाकूड नाही. 1970 च्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या राया गावोगाव फिरून पाहिल्या आणि 1976 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी राईत जुने वृक्ष आणि जाडजूड वेली उभ्या होत्या. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं, 130 चौरस किलोमीटरचं, आणि शेकरूच्या त्या रानात न तोडण्याला कायद्याचंही बळ आलं. हळूहळू वर्गातली भाषाही फिरली: दुर्मीळ ते तोडू नका, छायाचित्र घ्या, शेताच्या बांधावरचं तण आणा. ज्या नियमापर्यंत यायला पुस्तकी वनस्पतिशास्त्राला शंभरावर वर्षं लागली, तो डोंगरातल्या गावांत आधीपासून होता.

मला जास्त खटकत राहिला तो चिठ्ठीतला एक न दिसणारा रकाना. चिठ्ठीवर संग्राहकाचं नाव असतं, नाव सांगणाऱ्याचं नसतं. 'बॉम्बे फ्लोरा'त कितीतरी देशी नावं आहेत. ती साहेबाला रानात कोणीतरी सांगितली असणार, पण प्रत्येक नावामागचा माणूस पुस्तकात दिसत नाही. दापोडीच्या बागेतल्या झाडांची 1847 ते 1850 या काळात गिब्सनने चित्रं काढून घेतली. आज ती एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. पानाची शीर न् शीर नेटकी. चित्रकार भारतातलाच, पोर्तुगीज वळणाचा, इतकंच त्याच्याबद्दल कळतं. झाडांची नावं राहिली, चित्रकाराचं गेलं.

आमच्या वर्गात हेच लहान प्रमाणावर चाललं होतं. डोंगराकडच्या महादेव कोळी घरांतली मुलं हिरडा पाहत वाढतात. बाळहिरडा कधी काढायचा, कसा वाळवायचा, कोणता व्यापारी बाजूला काढील, हे त्यांना टर्मिनॅलिया चेब्युला हे नाव पाठ व्हायच्या कितीतरी आधी येतं. चाईचे कोंब, भारंगी, कुर्डू ओळखायला त्यांना भिंग लागत नाही. पण जर्नलमध्ये त्याला 'स्थानिक नाव' एवढी अर्धी ओळ, आणि गुण मात्र लॅटिन स्पेलिंगला.

म्हणून नोकरीच्या उत्तरार्धात मी फळ्यावर एक नियम वाढवला. चिठ्ठीत स्थानिक नाव लिहिलंत, तर ते कोणी सांगितलं तेही लिहायचं: आजी, चुलता, गुराखी, जो असेल तो, गावासकट. परीक्षेच्या गुणतक्त्यात त्याला जागा नव्हती. ज्यांना घरी विचारावं लागलं त्यांनी विचारलं, आणि काही नमुन्यांवर एकाच झाडाची दोन गावांतली दोन नावं आली. अशा वेळी कोणतं बरोबर, हे मी ठरवत नसे. दोन्ही सांगणाऱ्यांची नावं शेजारी शेजारी राहू द्यायची. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी तोंडी परीक्षेत एका मुलाला विचारलं, हा कोण संशोधक? तो म्हणाला, "माझी आजी, सर." त्यांनी तपासायला पुढचा कागद घेतला, पण खोडलं काही नाही. जुन्नर-आंबेगावात आज जे शिक्षक हा विषय शिकवतात, त्यांनी बाकी नियम काळाप्रमाणे बदलावेत. हा रकाना तेवढा राहू द्यावा.