बाळापूरचा ‘टर्निंग पॉइंट’

बाळापूरच्या लढाईवर पहिला लेख लिहिला तेव्हा शेवटी मी झोकात एक वाक्य टाकले होते : ‘ही लढाई दख्खनच्या इतिहासाचा टर्निंग पॉइंट ठरली.’ आज ते वाक्य खोडावेसे वाटते.

ऑगस्ट १७२० मध्ये बाळापूरजवळ निजामउल्मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान याचा पराभव केला. आलम अली मारला गेला. त्याच्या बाजूने मराठी फौजाही लढल्या होत्या. पुढे १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिझ खान पडला आणि निजामाची सत्ता दख्खनेत स्थिर झाली. मग वळण कोणते म्हणायचे, बाळापूर की साखरखेर्डा?

बदलाची सुरुवात सांगायला इंग्रजी ग्रंथांतून आपण टर्निंग पॉइंट, माइलस्टोन, वॉटरशेड हे शब्द उचलले आणि एकाच अर्थाने वापरू लागलो. पण मैलाचा दगड वळण दाखवत नाही, अंतर तेवढे सांगतो. टर्निंग पॉइंटला वळणारा वाटसरू लागतो, आणि आपण वळलो हे त्याला तिथेच कळते. बाळापूर परगण्यातल्या कुणब्याला १७२० साली असे काय कळले असणार? मोगलाईचा वसूल होताच; चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना १७१९ मध्येच मिळाल्या होत्या. लढाईनंतरही वऱ्हाडात दोन धनी राहिले. ही दोअंमली संपली ती १८०३ च्या देवगावच्या तहाने, नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचा हक्क सोडला तेव्हा.

त्यातल्या त्यात वॉटरशेड बरा. मात्र त्याला ‘पाणलोट’ म्हणून चालत नाही. इथे अर्थ आहे पाणी दुभागणारी उंच रेघ. अशी रेघ आपल्या वाशिमच्या पठारावर आहे. तिथल्या पावसाचे काही पाणी काटेपूर्णेतून पूर्णा-तापीला मिळून अरबी समुद्रात जाते, काही पैनगंगेतून वर्धा-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात. पडणाऱ्या थेंबांत फरक नसतो. तो पुढे शेकडो कोसांवर दिसतो. आपली ‘नांदी’ही तशीच : पुढचे नाटक ज्याला ठाऊक, त्यालाच ती नांदी म्हणता येते.

म्हणून त्या जागी आता लिहितो : ‘या लढाईने निजामाचा पाय रोवला; वऱ्हाडातली दोअंमली मात्र १८०३ पर्यंत चालली.’ यात एक डौलदार शब्द जातो, पण दोन धन्यांना वसूल देणारा कुणबी लेखात राहतो.