बाजारातलं वजन, छातीवरचं वजन

सणसरच्या घरी माझ्याकडे एक तिरका बाक आणि 16 किलोची केटलबेल आहे. ऑफिसचा कॉल संपला की बाकाची पाठ साधारण 30 अंशांवर लावतो, बेल छातीशी धरतो, मनगट सरळ ठेवतो आणि वर दाबतो. बाक तिरका केला की छातीच्या वरच्या भागाला, गळ्याखालच्या आडव्या हाडापासून निघणाऱ्या स्नायूला, जास्त काम पडतं. पाठ आणखी उभी केली की भार खांद्यांवर जातो.

पण 16च किलो का? इंजिनिअरला असे आकडे खटकतात. उत्तर रशियाच्या धान्यबाजारात आहे. तिथलं जुनं माप पूड, म्हणजे 16.38 किलो. तागडीत टाकायच्या लोखंडी वजनाला कडी असायची आणि त्याचं नाव गिर्या. 1704 च्या रशियन शब्दकोशात हा शब्द सापडतो. ही वजनं उचलून लोक ताकद अजमावू लागले. 1885 मध्ये डॉ. क्रायेव्हस्की यांनी सेंट पीटर्सबर्गला व्यायाममंडळ काढलं आणि बाजारातलं वजन व्यायामशाळेत आलं. 24 आणि 32 किलोच्या बेल म्हणजे दीड आणि दोन पूड.

आपल्याकडेही शेर-मण होते. 40 शेरांचा मण, म्हणजे 37.32 किलो. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि जुनी वजनं तागडीतून उतरली. ताकदीची चढाओढ मात्र इथेही आहे. जेजुरीला दसऱ्याला खंडोबाचा सुमारे 42 किलोचा खंडा एका हाताने तोलून धरायची स्पर्धा होते. तिथे बघायला गर्दी असते, टाळ्या असतात.

आमच्या भागात भवानीनगरचा कारखाना सुरू झाला की रानात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. डोक्यावर मोळी घेऊन माणसं तिरक्या फळीवरून ट्रकवर चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. त्या फळीचे अंश कुणी मोजत नाही, मोळीवर किलो लिहिलेले नसतात. व्यायामाच्या इतिहासात मला हे वजन कुठे दिसलं नाही.

आजीने तरुणपणी मोळ्या वाहिल्यात. परवा ती दारात उभी राहून माझे दहा दाब बघत होती.

"एवढं उचलतोयस, न्यायचंय कुठं?"

"कुठं नाही, आजी."

"मग खाली ठेव. जेवून घे."

मी बेल खाली ठेवली. जाताना तिने कडीला हात घालून ती भिंतीशी सरकवली, वाटेत नको म्हणून.