पोलादावरील दप्तर : ली-एनफील्डची कुळकथा

अर्ध्या शतकाहून अधिक काळ ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांनी खांद्यावर वागविलेल्या ली-एनफील्ड रायफलीचा संग्रह करणारे लोक इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत आहेत, आणि या शस्त्राविषयी त्यांना वाटणाऱ्या ममत्वाचे मूळ शोधू गेल्यास ते त्याच्या संहारशक्तीपेक्षा त्याच्या अंगावर सरकारने उमटविलेल्या मोहोरांत अधिक सापडते.

या कुळाचा मूळ पुरुष जेम्स पॅरिस ली हा १८३१ साली स्कॉटलंडमधील हॉइक या गावी जन्मला, बालपणीच कॅनडास गेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. बोल्टाखाली बसणाऱ्या व काडतुसे एकामागून एक वर ढकलणाऱ्या पेटीवजा मॅगझीनची सनद त्याने १८७९ साली मिळविली. ब्रिटिश युद्धखात्याने १८८८ साली लीची ही रचना विल्यम मेटफर्डच्या नळीशी जोडून ०.३०३ इंच व्यासाची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून मेटफर्डने नळीच्या आतील सात वळणदार खाचा उथळ व गोलसर ठेविल्या होत्या. परंतु लवकरच कॉर्डाइट ही धूररहित दारू प्रचारात आली आणि तिच्या प्रखर उष्णतेपुढे त्या खाचा झिजून जाऊ लागल्या. तेव्हा लंडनच्या उत्तरेस एनफील्ड येथे १८१६ पासून चाललेल्या सरकारी कारखान्याने पाच खोल व चौकोनी खाचांची नळी सिद्ध केली, आणि १८९५ साली मेटफर्डच्या नावाची जागा एनफील्डने घेतली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धानंतर पायदळाची लांब रायफल व घोडदळाची आखूड कार्बाइन हा भेद मोडून दोघांसाठी एकच आखूड रायफल करण्यात आली, व १९०७ साली मंजूर झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीने पहिल्या महायुद्धाचा बहुतेक भार वाहिला.

ही रायफल केवळ इंग्लंडातच घडली नाही. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे १९१२ साली कारखाना उघडला, दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील लाँग ब्रँच येथून याच कुळातील पुढच्या, ‘चौथ्या क्रमांकाच्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायफली बाहेर पडू लागल्या, आणि कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी इशापूर येथे तर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच हे काम चालू होते. मूळ नमुना एकच असला, तरी प्रत्येक भूमीने आपली खूण त्यावर ठेविली. लिथगोने कोचवुड हे ऑस्ट्रेलियन लाकूड वापरले आणि ते मऊ असल्याने धक्का सोसण्यासाठी आत तांब्याच्या लहान पट्ट्या बसविल्या. इशापूरने मॅगझीनच्या पुढे लाकडात आडवा स्क्रू घालून ते बळकट केले. काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीतही होत, आणि ही रायफल महाराष्ट्रातील पोलिसांच्या खांद्यावर एकविसाव्या शतकापर्यंत राहिली.

संग्राहक रायफल हाती घेतो तेव्हा प्रथम दस्त्याजवळच्या पोलादी पट्ट्यावरील राजमुकुट, कारखान्याचे नाव, साल आणि आवृत्ती वाचतो. मग बोल्ट, नळी व पुढच्या टोकाचे नोजकॅप यांवरील क्रमांकांची परस्परांशी रुजुवात पाहतो. सरकारी मालकीचा निदर्शक असा रुंद बाण, आणि लष्करातून विकली गेल्यावर टोकास टोक भिडवून उमटविलेले दोन बाण, हे तिचे प्रवेशाचे व निवृत्तीचे दाखलेच होत. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलींवर ब्रिटिश राजमुकुटाच्या ठिकाणी अशोकस्तंभाचे सिंह आले; एका सार्वभौम सत्तेचा अस्त व दुसरीचा उदय त्या दोन बोटे रुंदीच्या पोलादावर जितका निःसंदिग्धपणे वाचता येतो, तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. त्याच कारखान्याने १९६० नंतरच्या दशकात तीच रचना ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडवून या कुळाची शाखा वाढविली.

या मोहोरा व क्रमांक जपण्यातच संग्राहकाची खरी परीक्षा होते. सर्व क्रमांक जुळणारी रायफल अधिक मोलाची ठरते, हे खरे. परंतु त्या लोभाने जुना क्रमांक घासून नवा ठोकणे, किंवा लष्करी शस्त्रदुरुस्तीकाराने बसविलेला दुसऱ्या कारखान्याचा भाग काढून तेथे ‘मूळ’ भाग आणून लावणे, म्हणजे दप्तरातील पान फाडून कोरे पान शिवणे होय. चौथ्या क्रमांकाच्या रायफलीसाठी शून्य ते तीन अशा क्रमांकांची निरनिराळ्या लांबीची बोल्टमुखे तयार ठेवलेली असत, ती झिजलेल्या शस्त्रात बोल्ट व काडतूस यांमधील अंतर पुन्हा निर्धोक व्हावे म्हणूनच. तेव्हा बदललेला भाग हा दोष नसून सेवेचा पुरावा आहे. ज्याला हा संग्रह प्रामाणिकपणे करावयाचा आहे, त्याने लाकडाला तेल द्यावे, पोलादाचा गंज आवरावा, काढलेला प्रत्येक सुटा भाग चिठ्ठी बांधून जपावा, आणि सरकारी मोहोरेवर कानस कधीही चालवू नये.