पायलीचे किलो किती?

पायली म्हणजे किती किलो, हा प्रश्न धाराशिवकडच्या जुन्या धान्यव्यवहारांचा हिशेब लावताना हमखास पडतो, आणि ‘कशाची पायली?’ असं उलट विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. पायली हे माप आहे, वजन नव्हे. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर अशी दुपटीने चढत जाणारी ही मापं चार शेरांच्या पायलीपर्यंत आणि पुढे मण-खंडीपर्यंत जातात. लिटरभर कोरडी ज्वारी साधारण 700 ग्रॅम भरते, करडई 500च्या आसपास. म्हणजे पायली तीच, पण ज्वारीची करडईपेक्षा जवळजवळ दीडपट जड. त्यात नावांनी घोळ वाढवला. शेर आणि मण मापातही होते आणि तागडीतही. तागडीचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, आणि असे 40 शेर म्हणजे साधारण 37 किलो 300 ग्रॅमचा मण. मापाचा मण मात्र कुठे 12 पायल्यांचा, कुठे 16.

यावरून पायली ही अडाणी माणसांची अंदाजपंचे सोय होती असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बलुतं, सालगड्याचं धान्य, शेजारची उसनवारी हे व्यवहार गावातल्या गावात, त्याच धान्यात फिटायचे. खळ्यावर मापाडी राशीपुढे बसे, पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि दाणे काठावरून ओघळू लागेपर्यंत शीग चढवी. आकडे न येणाऱ्यालाही ती शीग दिसत असे. शिगोशीग नेलेली ज्वारी शिगोशीग परत आली की हिशेब मिटला. तिचं वजन कळून कुणाचं काय अडणार होतं? यावर आक्षेप ठरलेला आहे: सावकाराची द्यायची पायली लहान आणि घ्यायची मोठी. आक्षेप रास्तच आहे. पण खोटं वजन ठेवणाऱ्याला तागडीनेही कधी अडवलेलं नाही, आणि पेवातून निघालेल्या दमट ज्वारीतलं पाणी तर ती बिनबोभाट धान्याच्याच भावाने मोजते.

खरी फट पडते ती मापाचं वजन करताना. बार्शी लाईट रेल्वे 1907 मध्ये तडवळ्यापर्यंत आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली. रेल्वेचं भाडं वजनावर ठरायचं, आणि दूरच्या पेठेतल्या खरेदीदाराला या गावची पायली ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे मापाने घ्यायचं आणि वजनाने विकायचं हा व्यापार साधला, की कोणत्या धान्याची पायली तागडीत किती भरते हे ज्याला ठाऊक, मधला फरक त्याचा. शीग शेतकऱ्यालाही दिसत होती, हा हिशेब मात्र दुकानातच राहणारा होता. म्हणून दोष द्यायचाच तर तो ना मापाला ना तागडीला, त्या दोहोंमधल्या न सांगितलेल्या कोष्टकाला द्यायला हवा.

1 नोव्हेंबर 1956 रोजी धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी वजनमापांचा दशमान कायदा झाला आणि ऑक्टोबर 1958 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. न्यायाने पायलीचा वारस लिटर. पण लिटर गेला दुधाकडे आणि रॉकेलकडे, धान्य किलोकडे. एका एककाच्या जागी दुसरं आलं असं वरवर दिसलं, प्रत्यक्षात मोजायची गोष्टच बदलली. अमेरिकेत बुशेल हेही मूळचं मापच; त्यांनी नाव राखलं आणि धान्यागणिक वजन ठरवून टाकलं, गव्हाचं 60 पौंड, मक्याचं 56. पायलीला असं धान्यवार वजन मिळालं नाही. त्यामुळे जुन्या वहीत ‘ज्वारी पायली 5’ असं सापडलं तर त्यापुढे किलोचा आकडा टाकण्याची घाई करू नये. लिटर लिहिता येतील, तेही त्या गावचं भांडं हाताशी असेल आणि माप सपाट होतं की शिगेचं हे कळलं असेल तर.