हवेच्या वाटेवरचा पत्रा

ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात जास्त पेट्रोल जातं, अशी आपली साधी समजूत. जातंही. पण कार्बोरेटरच्या गाडीत आपला पाय उघडतो तो हवेचा दरवाजा. थ्रॉटलची चकती फिरते, हवा आत धावते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब कमी होतो आणि त्या ओढीनं पेट्रोल फवाऱ्यासारखं खेचलं जातं. हवा जितकी, तितकीच ताकद. अमेरिकेतल्या मोटार शर्यतींत एवढ्याशा गोष्टीवर माणसांच्या जिवाचा हिशेब मांडला गेला.

अलाबामा राज्यातला टॅलाडेगाचा ट्रॅक, साल १९८७. पात्रता फेरीत बिल इलियटनं ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेग गाठला. नंतर ३ मे रोजी मुख्य शर्यतीत बॉबी ॲलिसनच्या गाडीचा टायर गेला. गाडी उलटी फिरली, हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. जाळी फाटली, प्रेक्षक जखमी झाले. गाडी गर्दीत घुसली नाही, एवढंच नशीब. ती शर्यत जिंकली बॉबीच्याच मुलानं, डेव्हीनं.

शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेनं मग १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा या दोन वेगवान ट्रॅकवर चार भोकांचा एक पत्रा सक्तीचा केला. तो बसायचा कार्बोरेटरच्या खाली, हवेच्या वाटेवर. युक्ती जुनीच होती, १९७० मध्येही वापरलेली. पुढे बरीच वर्षं ही भोकं पाऊण इंचाहून थोडी मोठी, ७/८ इंचाच्या आसपास असत. कार्बोरेटरची प्रत्येक नळी मात्र जवळजवळ पावणेदोन इंची. म्हणजे वाट चौथ्या हिश्श्यावर आली. ताकद मात्र तेवढी घटली नाही. साडेसातशेच्या घरातली अश्वशक्ती साडेचारशेच्या आसपास आली, कारण अरुंद भोकातून हवा जास्त वेगानं धावते. पण तिलाही हद्द आहे. भोकात तिचा वेग आवाजाच्या वेगाला भिडला, की इंजिन कितीही ओढो, जास्त हवा येत नाही.

१९८८ ची डेटोना ५०० ही शर्यत पत्रा लावूनच झाली. पन्नाशीचा बॉबी पहिला आला, डेव्ही दुसरा. हा विजय पुढे बॉबीला आठवेनासा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर (तिथं पत्रा नव्हता) त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता.

पत्र्यानं वेग उतरला, पण दुसरंच दुखणं आलं. आता सगळेच पाय पूर्ण दाबून, आणि वेग सगळ्यांचा जवळपास सारखा. पुढे निसटायला कुणाकडे ताकद शिल्लक नाही. तीस-तीस गाड्या एकमेकींना चिकटून धावू लागल्या. एक घसरली की मागच्या डझनभर तिच्यावर. चालक कुरकुरत, आणि मला ती कुरकुर रास्त वाटते. २००९ मध्ये टॅलाडेगालाच शेवटच्या फेरीत कार्ल एडवर्ड्सची गाडी उडून जाळीवर आपटली. पुन्हा प्रेक्षक जखमी झाले. एडवर्ड्स गाडीतून उतरला आणि पायी धावत अंतिम रेषा ओलांडून गेला.

नॅसकारच्या मुख्य मालिकेतून २०१२ मध्ये कार्बोरेटर गेला, इंधन इंजेक्शन आलं, तरी पत्रा राहिला. २०१९ च्या डेटोना ५०० नंतर तोही निघाला. त्याच्या जागी आला निमुळत्या भोकांचा जाडसर ठोकळा. काम तेच, हवा अडवायचं.