बाल न्याय सेवांतील आंतरजिल्हा सहकार्य (महाराष्ट्र)

बाल न्याय सेवांतील आंतरजिल्हा सहकार्य म्हणजे विधिसंघर्षग्रस्त बालके आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके यांच्या निवास, चौकशी, प्रवास व पुनर्वसनाच्या कामी दोन किंवा अधिक जिल्ह्यांच्या यंत्रणांनी परस्परांना करावयाचे साहाय्य होय. महाराष्ट्रात हे सहकार्य मुख्यतः बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या केंद्रीय कायद्यावर आधारलेले आहे. या कायद्यानुसार निर्णय करणारी मंडळे व समित्या प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र असतात. मुलांना ठेवण्याची काही गृहे मात्र अनेक जिल्ह्यांसाठी सामायिक असू शकतात. जिल्ह्यांच्या सीमेवरील ग्रामीण भागात, उदाहरणार्थ पैठण तालुक्यात, या रचनेचे फायदे व मर्यादा विशेष जाणवतात.

पार्श्वभूमी

पश्चिम भारतात अपराधी ठरलेल्या मुलांसाठी स्वतंत्र संस्थांचा आरंभ मुंबईत झाला. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. १९२४ मध्ये मुंबई बालक अधिनियम संमत झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने मुंबई प्रांताचे हे कायदे तेथे लागू नव्हते.

पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांतील मुलांच्या स्थितीबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात न ठेवण्याबाबत निर्देश दिले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम संमत केला व तो २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला. त्यात मुलांसाठी १६ व मुलींसाठी १८ वर्षे ही वयोमर्यादा होती. २००० च्या अधिनियमाने ती दोघांसाठीही १८ वर्षे केली.

२००० च्या मूळ कायद्यात बाल न्याय मंडळ एका जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी स्थापन करण्याची मुभा होती. २००६ च्या दुरुस्तीने ही मुभा काढून घेऊन प्रत्येक जिल्ह्यात मंडळ व बाल कल्याण समिती बंधनकारक केली. तेव्हापासून जिल्ह्यांमधील सहकार्याचे क्षेत्र निर्णयाकडून सेवांकडे सरकले.

कायदेशीर चौकट

२०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. महाराष्ट्र शासनाने त्याखालील नियम २०१८ मध्ये केले. प्रत्येक जिल्ह्यात पुढील यंत्रणा असणे अपेक्षित आहे:

• बाल न्याय मंडळ : एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला.
• बाल कल्याण समिती : अध्यक्ष व चार सदस्य.
• जिल्हा बाल संरक्षण कक्ष.
• विशेष बाल पोलीस पथक, तसेच प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी.

निवासी संस्थांबाबत कायद्याची भाषा वेगळी आहे. चौकशी चालू असताना मुलांना ठेवण्याची निरीक्षणगृहे (कलम ४७) आणि अंतिम आदेशानंतरची विशेष गृहे (कलम ४८) प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी स्थापन करता येतात. गंभीर प्रकरणांतील १६ वर्षांवरील मुलांसाठीचे सुरक्षित ठिकाण राज्यात किमान एक असावे, एवढीच अपेक्षा कलम ४९ मध्ये आहे. विशेष गृहात ठेवण्याची कमाल मुदत तीन वर्षे आहे.

सहकार्याचे स्वरूप

संस्थांचा सामायिक वापर. ज्या जिल्ह्यात निरीक्षणगृह वा विशेष गृह नसते तेथील मुलांना दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत ठेवले जाते. मुलीची संख्या कमी असल्याने त्यांच्याबाबत अशा व्यवस्थेची गरज अधिक भासते. अशा वेळीही मुलाविषयीचे आदेश त्याच्या प्रकरणाची चौकशी करणारे मंडळच देते.

सामाजिक तपासणी अहवाल. मुलाचे कुटुंब, शिक्षण व परिस्थिती यांची माहिती देणारा हा अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत मंडळापुढे ठेवावयाचा असतो. घटना एका जिल्ह्यात व घर दुसऱ्या जिल्ह्यात असल्यास मूळ जिल्ह्याच्या यंत्रणेची मदत आवश्यक ठरते.

मूळ जिल्ह्याकडे हस्तांतरण. कलम ९५ नुसार बाहेरच्या जिल्ह्यातील बालकाला, त्याचे हित पाहून व तेथील मंडळाशी किंवा समितीशी विचारविनिमय करून, कागदपत्रांसह मूळ जिल्ह्याकडे सोपवता येते. विधिसंघर्षग्रस्त बालकाबाबत हे चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्यावरच करता येते. मुलाला पोहोचवण्याची जबाबदारी विशेष बाल पोलीस पथकाची असून आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे. मुलीसोबत महिला पोलीस असणे बंधनकारक आहे.

पैठण तालुक्याचे उदाहरण

पैठण हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील तालुक्याचे ठिकाण छत्रपती संभाजीनगर या जिल्हा मुख्यालयापासून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेस आहे. नदीच्या दक्षिणेस अहिल्यानगर जिल्ह्याचा शेवगाव तालुका, तर आग्नेयेस व पूर्वेस बीड व जालना जिल्ह्यांच्या सीमा आहेत. जालना जिल्हा १९८१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातूनच वेगळा झाला. बाजार, शिक्षण व नातेसंबंध यांनिमित्त या सीमांवर नित्य ये-जा असते.

नदीपलीकडच्या गावातील मुलगा पैठणच्या बाजारात घडलेल्या प्रकरणात ताब्यात घेतला गेला, तर चौकशी छत्रपती संभाजीनगरच्या मंडळापुढे होते; पालकांना मात्र स्वतःच्या जिल्ह्याचे मुख्यालय सोडून दुसऱ्या जिल्ह्यात तारखांना यावे लागते. प्रशासकीयदृष्ट्या शेवगाव नाशिक विभागात व पैठण छत्रपती संभाजीनगर विभागात मोडते. उच्च न्यायालयाच्या पातळीवर मात्र दोन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात.

फाल्गुन वद्य षष्ठीला भरणाऱ्या नाथषष्ठीच्या यात्रेसाठी अनेक जिल्ह्यांतून दिंड्या येतात. अशा गर्दीत हरवलेले मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांत गणले जाते आणि त्याचे प्रकरण बाल कल्याण समितीकडे जाते. मराठवाड्यातून हंगामी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबाबतही मूळ जिल्हा व कामाचा जिल्हा यांचा समन्वय लागतो.

पैठण येथील खुले कारागृह प्रौढ कैद्यांसाठी आहे. बाल न्याय व्यवस्थेशी त्याचा संबंध नाही. ताब्यातील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवण्यास कायद्याने मनाई आहे.

मर्यादा

ताब्यात घेतलेल्या मुलाला २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते; प्रवासाचा वेळ त्यातून वगळलेला आहे. त्यामुळे अंतर वाढले की मूल कुटुंबापासून दूर राहण्याचा काळही वाढतो, पण कायद्याच्या हिशेबात तो दिसत नाही. चौकशीची मुदत चार महिने असून ती आणखी दोन महिने वाढवता येते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव मुदतीतही संपली नाही तर ती समाप्त होते. दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्या अहवालाला विलंब झाल्यास ही मुदत अपुरी पडू शकते.

मजुरीवर जगणाऱ्या पालकांसाठी दूरच्या गृहातील भेट म्हणजे प्रवासखर्च व बुडालेली रोजंदारी होय. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत, स्वातंत्र्यापासून वंचित केलेल्या मुलाला पत्रव्यवहार व भेटींद्वारे कुटुंबाशी संपर्क ठेवण्याचा हक्क दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांत अशा संस्था विकेंद्रित व कुटुंबाला पोहोचता येतील अशा असाव्यात, असे म्हटले आहे. लहान जिल्ह्यात मोजक्या मुलांसाठी स्वतंत्र गृह, शिक्षक व समुपदेशक ठेवणे खर्चिक ठरते, हा सामायिक गृहांच्या बाजूचा युक्तिवाद आहे.

देखरेखही जिल्हानिहाय विभागलेली आहे. मंडळाकडील प्रलंबित प्रकरणांचा दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकारी आढावा घेतात, तर समितीच्या कामाचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. जिल्ह्यांमध्ये कागदपत्रे पाठवतानाही ही दक्षता घ्यावी लागते.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेतील ओहायो राज्यात शेजारच्या काउंट्यांना संयुक्त मंडळ नेमून मुलांसाठी सामायिक स्थानबद्धता केंद्र चालवण्याची कायदेशीर मुभा आहे. तेथे काउंट्यांची निवडून आलेली मंडळे हा निर्णय घेतात. महाराष्ट्रात जिल्ह्यांचा गट ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाचा असून अंमलबजावणी महिला व बाल विकास विभागामार्फत होते.