वांग व संततिनियमनाची गोळी : एक टिपण

औषधींच्या इतिहासांत वैद्याचें टिपण प्रमाण धरतात. रुग्णाचें म्हणणें सहसा मागें पडतें. प्रस्तुत प्रकरण याच मासल्याचें आहे. एप्रिल १९५६ मध्यें पोर्तोरिकोंतील रिओ पिएद्रास येथें एनोव्हिड या गोळीची मोठी चांचणी सुरू झाली. तींत नॉरएथिनोड्रेल ९.८५ व मेस्ट्रॅनॉल ०.१५ मिलिग्रॅम असे. तेथील व्यवस्था पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनीं उपद्रव फार होतात असें स्पष्ट कळविलें. ग्रेगरी पिंकस यांनीं मात्र मळमळ, भोवळ, शिरःशूल यांतील बराच भाग स्त्रियांच्या मनावर ढकलला.

त्वचेची साक्ष अशी उडवून लावतां येईना. गोळीचा प्रसार झाल्यावर कित्येकींच्या कपाळावर, गालांवर व वरच्या ओंठावर तपकिरी डाग उमटूं लागले. गर्भिणींच्या मुखावर दिसतो तोच हा वांग. (हा शब्द संस्कृत ‘व्यंग’ याचाच तद्भव होय. सुश्रुतानें तो क्षुद्ररोगांत गणला असून क्रोध व आयास हीं त्याचीं कारणें दिलीं आहेत. तेथें औषधाचा प्रश्नच नव्हता.) संप्रेरकांमुळें त्वचेंतील रंगपेशी चेततात व ऊन त्यांत भर घालतें. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या रेझ्निक यांच्या पाहणींत २१२ पैकीं शेंकडा २९ स्त्रियांस वांग आढळला. गोळी सोडली तरी तो पुष्कळदां रेंगाळतो. मिनोसायक्लीन या निराळ्या औषधानेंही त्वचेवर निळसर डाग पडतात. पण त्याची जात वेगळी.

१९७० मध्यें अमेरिकेच्या सिनेटपुढील सुनावणीनंतर गोळीच्या वेष्टनांत रुग्णासाठीं सूचनापत्रक घालणें सक्तीचें झालें. त्याचें मुख्य निमित्त रक्ताच्या गुठळ्या हें होतें, वांग नव्हे.